अण्णांनी न सांगितलेली गोष्ट

आमच्या गावात एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. ती खोटी आहे, हे मात्र एकट्या मला माहीत आहे — आणि आता तुम्हाला. नवऱ्याला सांगितलं नाही. देवापुढे बसूनसुद्धा कधी ओठांवर येऊ दिलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित नुसतंच, आता राहवत नाही म्हणून.

गाव म्हणते मी, पण आमच्याकडे नगरपरिषद आहे, तेव्हा कागदोपत्री ते शहर. म्हसळ्याकडून उतरत आलं की आधी नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, मग एसटी स्टँड, मग आमची आळी. आळीच्या मधून रस्ता जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. खालच्या अंगाला समोरच्यांची घरं, त्यांच्यामागे त्यांच्या वाड्या, वाड्यांमागे सुरूचं बन आणि बनापलीकडे समुद्र. म्हणजे समुद्र त्यांच्या परसात, आणि आमच्या दारात रस्ता.

आम्ही पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या. पाहुणे यायचे, बॅगा टेकवायचे आणि पहिलं विचारायचे — समुद्र कुठून दिसतो? मी समोर बोट दाखवायची. रेखाच्या वाडीकडे.

रेखा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन आळीत आली तेव्हा भाकरी थापायला माझ्याकडे शिकली. मला वैनी म्हणायची, अजूनही म्हणते. तिचा नवरा सुरेश पनवेलकडे एका कंपनीत पाळीवर कामाला. पंधरा दिवसांनी एकदा घरी. माझे पाहुणे संध्याकाळी तिच्या वाडीत जाऊन बसायचे, ती त्यांना कोकम सरबत द्यायची, आणि ते परत येऊन मला सांगायचे — काय जागा आहे ती! मी हसायची. हसताना आत काय व्हायचं ते मला तेव्हाही कळत होतं.

सात वर्षांपूर्वी शहराचा नवा विकास आराखडा आला. नकाशात खालच्या अंगाच्या वाड्या हिरव्या रंगात दाखवल्या होत्या, म्हणजे तिथे झाडं लावा, पण खोली बांधायची नाही. समुद्रापासून सोडायचं सरकारी अंतर सोडूनही या वाड्यांत जागा उरत होती. म्हणून आळीतल्या चौदा घरांनी मिळून सूचना लिहिली, की हिरवी रेषा सुरूच्या बनापर्यंत मागे न्यावी आणि वाड्यांत दोन-दोन खोल्या बांधायला परवानगी द्यावी. अर्ज लिहायला रेखा पुढे होती. तिचं अक्षर चांगलं, आणि इच्छाही सगळ्यांत मोठी. दोन खोल्या झाल्या की सुरेश कंपनी सोडून घरी येणार होता. मुलगी पाचवीत होती तेव्हा. बाप सलग चार दिवस घरी राहिलेला तिला गणपतीतच दिसायचा.

त्या अर्जावर माझीही सही आहे. रेखा कागद घेऊन आली, मी पदराला हात पुसले आणि सही केली. नाही म्हटलं असतं तर मनातलं दिसलं असतं ना!

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा माझे सासरे. खाडीच्या बांधाला भरतीचं पाणी अडवणारी लाकडी दारं असतात, आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात. ती उघाडी अण्णांनी जन्मभर सांभाळली. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ ते बोलता बोलता सांगायचे, आणि बोटी त्यांच्या शब्दावर सुटायच्या. पाऊस पडेल का असं कुणी विचारलं तर म्हणायचे, मी पाण्याचं सांगतो, आभाळाचं मला काय माहीत? जे बघितलं तेवढंच बोलायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आदल्या दिवशी अंगणात आमसुलं उलटत बसले होते, तेव्हा मी ती वाक्यं मनात जुळवली. दोनदा बदलली. एक तपशील वाढवला, कारण त्यावाचून ते खरं वाटत नव्हतं. — एवढ्या थंडपणे केलं मी ते.

अलिबागहून आलेल्या साहेबांनी विचारलं, या वाड्यांत भरतीचं पाणी कधी आलंय का? सगळे नाही म्हणाले. आणि मी उभी राहिले. म्हणाले, "माझे सासरे सांगायचे. त्यांच्या लहानपणी भाद्रपदाच्या पुनवेला उधाणाचं पाणी वाड्यांतून वर चढलं, ते रेखाच्या विहिरीपर्यंत आलं. वर्षभर त्या विहिरीचं पाणी खारट लागत होतं."

विहिरीचं खारट पाणी — तोच तो वाढवलेला तपशील.

सभागृहातल्या माना माझ्याकडे वळल्या. अण्णांचं नाव होतं ना. मग कोपऱ्यातून बाळोजी नाखवा उठले, ऐंशीच्या घरातले, आयुष्य होडीवर काढलेले. मला वाटलं, आता हे मला खोटं पाडणार. ते म्हणाले, "व्हय. हाय खरं. माझा बापूस पन सांगायचा."

जे मी काल अंगणात रचलं, ते या म्हाताऱ्याला आठवत होतं? त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघांना आठवलं. माझ्या डोळ्यांदेखत त्या गोष्टीला हातपाय फुटले, ती उठून चालायला लागली. साहेबांनी लिहून घेतलं. सूचना अमान्य झाली. कारण म्हणून खाली चक्क अण्णांचं सांगणं टिपलेलं होतं. न बोललेला शब्द, आणि सरकारी कागदावर.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, मला कधी बोलले नाहीत अण्णा हे. मी म्हटलं, तुम्ही कधी बसलात का त्यांच्याजवळ? तो उठून आत गेला. अजूनही कधीतरी अण्णांच्या फोटोसमोर उभा राहतो, आणि मला माहीत असतं तो काय विचार करतोय — की बापाने मुलाला नाही, सुनेला सांगितलं. हेसुद्धा मीच दिलं त्याला.

रेखा भांडली नाही. बोलणं थोडं कमी केलं, एवढंच. सुरेश कंपनीत राहिला. दोन वर्षांनी रात्रपाळी संपता संपता त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला, तीन बोटं गेली. मग कंपनीने त्याला गेटवर बसवलं. मी त्याला बघायला गेले होते. फळं नेली होती. त्याने डाव्या हाताने सफरचंद घेतलं आणि म्हणाला, वैनी, तुमच्या पाहुण्यांचं कसं चाललंय?

माझ्या खोल्या चांगल्या चालल्या होत्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून शब्द पुरत नाहीत. गेल्या वर्षी, श्रावणातल्या अमावास्येला, दुपारी बाराच्या सुमारास समुद्र आला.

वारा नव्हता. पाऊस नव्हता. स्वच्छ ऊन पडलं होतं. नंतर कळलं, पार लांब समुद्रात कुठे वादळ होतं, त्याच्या लाटा उधाणावर चढून आल्या. आम्हाला आधी दिसले ते खेकडे. शेकडो खेकडे रेखाच्या वाडीतून रस्त्याकडे तिरपे पळत होते. मग तिच्या कोंबड्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून बसल्या. आम्ही सगळे रस्ता ओलांडून वाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो, आणि पाणी येताना पाहिलं.

आवाज नव्हता हो. मला वाटायचं समुद्र आला तर गर्जत येईल. तो पाहुण्यासारखा आला — चपला काढून आल्यासारखा. सुरूच्या सुया अंगावर घेऊन, पोफळींच्या मधून, सावकाश. नारळांना आळी केलेली असतात ना, बुंध्याभोवती गोल? पाणी एका आळ्यात उतरायचं, ते काठोकाठ भरायचं, मग पुढच्याकडे वळायचं. प्रत्येक आळ्यात आभाळाचा एक तुकडा. बोयी माशाची पिल्लं पोफळीच्या मुळांशी फिरत होती, जणू त्यांचं नेहमीचंच येणं-जाणं. कुणी ओरडलं नाही. बायकांनी हात जोडले. माझ्या नवऱ्याने पायातल्या चपला काढल्या.

पाणी विहिरीपाशी आलं. कपडे धुवायच्या दगडाला लागलं. आणि थांबलं.

भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ जागच्या जागी उभं राहतं, ना पुढे ना मागे. अण्णा त्याबद्दल बोलायचे, ते खरोखर बोलायचे. तेवढा वेळ अख्खी आळी श्वास धरून उभी होती. मी इतकी मोठी नाही, की माझं खोटं निभावायला समुद्राने उठून यावं. हे मला कळत होतं. तरी माझ्या मनात एकच होतं — याला कुणी सांगितलं? याला कसं कळलं कुठवर यायचं? मी आयुष्यभर या पाण्याशेजारी राहिले, त्याचा आवाज ऐकत झोपले, आणि त्याच्याकडे खरं म्हणजे त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं. इतकं मोठं, आणि इतकं शांत. माझ्याकडे त्याचं काही काम नव्हतं. तो मला खोटं पाडायला आला नव्हता, खरं करायलाही नाही. तरीही भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. त्याला नाव मला अजून सापडलेलं नाही.

मागून बाळोजी नाखवांचा मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा बोललेले."

मग पाणी आलं तसंच परत गेलं. सुरूच्या सुयांची एक ओळ मागे राहिली.

मी भाद्रपदाची पुनव म्हटलं होतं, आली श्रावणातली अवस. कुणाच्या ध्यानात आलं नाही. विहीर खारट झाली नाही, तेही कुणी विचारलं नाही. आणि आणखी एक गोष्ट कुणी विचारली नाही — पाणी घोट्याएवढं होतं. दोन फूट जोत्यावर बांधलेल्या खोलीचं त्याने काय बिघडवलं असतं? पायरी ओली झाली असती. सुरेश त्या पायरीवर बसला असता, घरी, दोन्ही हात शाबूत.

यंदा आराखड्यातल्या बदलांसाठी पुन्हा सूचना मागवल्या आहेत. आळीतल्या चौदा घरांनी पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी उलटा. हिरवी रेषा आणखी आत घ्या, पाण्याला त्याची वाट राहू द्या, म्हणून. तिला सगळे अण्णांची रेषा म्हणतात. अर्जावर पहिली सही माझी घेतली.

अर्ज या वेळीही रेखानेच लिहिला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. पाणी आलं त्यानंतरच्या आठवड्यातलं.

ती दुपारी आली. हळदीच्या पानातले पातोळे घेऊन. डबा ओट्यावर ठेवला आणि उभीच राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही. मग म्हणाली, "वैनी, एक बोलायचं होतं. मी सहा वर्षं तुम्हाला मनात खोटं ठरवलं. तुमच्या खोल्या चालाव्या म्हणून तुम्ही बोललात, असं वाटायचं मला. ह्यांचा हात गेला तेव्हा तर... काय काय बोलले मी मनात. तुम्हाला शाप दिले. आणि तुम्ही खरं बोलत होता. आमच्या भल्याचं. मला माफ करा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वच्छ. त्यात कुठे म्हणून संशय नव्हता. सहा वर्षं एकटी ती बरोबर होती. सगळं गाव चुकत असताना तिला एकटीला खरं दिसलं होतं, आणि आता त्याचीच ती माफी मागत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. त्या पाण्याकडे बघताना वाटलं होतं ना, तसंच वाटलं. एवढं मन कुठून आणतात माणसं?

तेव्हा बोलता आलं असतं. ओट्यापाशी आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ दे गं. मी मनात काही ठेवलं नाही. माफ केलं तुला."

ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.