कशाचा आलाय फायदा

लग्न होऊन पालमजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा मी दहावी नापास होते. बाकी सगळे विषय सुटलेले आणि इंग्रजीत दोनदा आडवी. हे शेजारच्या गावी प्राथमिक शाळेवर गुरुजी. गावात अंगणवाडी येणार, बाई गावातलीच घेणार आणि दहावी पास असेल तिला आधी विचारणार, ही बातमी यांनीच आणली आणि माझी शिकवणी सुरू झाली. मला ती जागा हवी होती. खुरपं हातात धरून जन्म काढायची माझी तयारी नव्हती, आणि हे घरात उघड बोलायची सोयही नव्हती.

यांची शिकवायची पद्धत अशी की रोज एक इंग्रजी शब्द घ्यायचा. त्याचा अर्थ सांगायचा, त्याच अर्थाचे आपल्याकडचे शब्द गोळा करायचे आणि आपली माणसं रोज बोलतात तशी वाक्यं आणायची. पुस्तकातली वाक्यं चालणार नाहीत, ही अट. एका संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला यांनी खडूनं लिहिलं, ‘बेनिफिट’. म्हणजे फायदा. मला वाटलं, हे तर फारच सोपं.

शब्द खरंच भराभर मिळाले. दुसऱ्या दिवशी कापसाच्या खुरपणीला बायांच्या ओळीत बसले आणि कान उघडे ठेवले. नफा दुकानदाराचा असतो, शेतकऱ्याचा नसतो. औषधाचा गुण येतो. धान्याला बरकत असते. लाभ तर आम्ही रास मोजताना म्हणतो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग दोन, तीन असं पुढं. कल्याण फक्त पत्रिकेत आणि पुढाऱ्यांच्या भाषणात होतं. हे सगळं पाठ करत मी घरी आले आणि वाक्यं लिहायला बसले, तिथं गाडी अडली.

कारण बायांनी दिवसभर हे शब्द वापरले होते खरे, पण कसे? ‘त्याचा काय फायदा हाय?’ ‘औषध लय घेतलं, गुण न्हाई.’ ‘यंदा बरकतच न्हाई गं.’ एक वाक्य सरळ नव्हतं. जिच्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती तीही म्हणाली, ‘कशाचा आलाय फायदा, पाखरं खातेत.’ यांनी वही वाचली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, या गावात आजवर कुणाचा फायदा झालेलाच दिसत नाही. मग आम्ही दोघंही तोंडावर हात धरून हसलो, कारण बाहेर सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाई म्हणजे या नकाराच्या बाबतीत गावात पहिल्या. गाय चरवी भरून दूध द्यायची आणि शेजारणीला त्या सांगायच्या, ‘चहापुरतं निघायलंय.’ मुलगा नोकरीला लागला तेव्हा म्हणे, ‘मास्तरकी कसली, खडू खायचा धंदा.’ चांगलं झालेलं तोंडानं बोललं की त्याला नजर लागते, यावर त्यांचा पक्का विश्वास. माझ्या अभ्यासालाही त्या येता-जाता काय फायदा, काय फायदा म्हणत. पण ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी. आली नाही, तेव्हा भल्या सकाळी बैलगाडी जुंपायला लावली ती त्यांनीच. स्वतः सोबत आल्या आणि इंग्रजीच्या परीक्षेचा काही उपयोग नसतो हे मला वाटभर समजावून सांगत होत्या. माझं पाठ केलेलं निम्मं तिथंच सांडलं.

तरीही मी पास झाले. हे पालमला जाऊन निकाल बघून आले, पेढे आणले. सासूबाईंनी पेढा देवापुढं ठेवला आणि घागर घेऊन पाण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया माझ्याशी फार मायेनं वागू लागल्या. एकीनं हरभऱ्याची भाजी आणून दिली. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, केवढं हे कौतुक. शेवटी पलीकडची म्हातारी म्हणाली, ‘मनाला लावून घेऊ नको बाई, पुढच्या साली बघ,’ आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सासूबाईंनी सगळ्या गावाला मी नापास झाल्याचं सांगितलं होतं. मला संताप आला. मी यांच्याशी भांडले. यांना हसू आवरेना. म्हणाले, चांगलं पीक आई लपवतेच, तुलाही तिनं त्यात धरलंय, आणखी काय पाहिजे? मला ते कौतुक नको होतं. मला पास व्हायचं होतं, चारचौघांत.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गंगाखेडहून अंगणवाडीच्या साहेबीण बाई आल्या. मारुतीच्या पारावर माणसं जमली, बाया एका बाजूला. हे शाळेत. सरपंच म्हणजे माझे चुलतसासरे. ते म्हणाले, आमची सून शिकलेली होती, पण बिचारी नापास झाली, तर दुसरं कुणाचं नाव लिहा. साहेबीण बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी डोक्यावर पदर घेऊन उभी. चुलतसासऱ्यांच्या समोर, एवढ्या माणसांत, त्यांचं बोलणं खोडून काढायचं माझं धाडस होईना. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. आता गेली जागा, असं मला वाटलं.

‘नापास म्हंजे,’ सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘अगदीच नापास न्हाई.’

साहेबीण बाईंनी मान वर केली. म्हणजे काय, असं विचारलं.

‘निघाली कशीबशी.’

बाईंनी पुन्हा विचारलं, पास की नापास, एक काय ते सांगा. सासूबाईंनी सगळ्या बायांवरून नजर फिरवली. इतक्या वर्षांत ज्यांच्यापुढं त्यांनी दूध, ज्वारी, लेकाची नोकरी, काही म्हणजे काही कबूल केलं नव्हतं, त्या सगळ्या टक लावून बघत होत्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला.

‘पास हाय. चांगली पास हाय, इंग्रजीत बी. माझी सून लय हुशार हाय. लागू द्या कुणाची लागायची ती नजर.’

पारावर एकदम हशा पिकला. सरपंचही हसले. साहेबीण बाईंनी माझं नाव लिहून घेतलं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या दंडाला धरून मला घरी आणलं, पाटावर बसवलं, मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली आणि त्या मिरच्या चुलीत टाकल्या. नजर लागलेली असली तर मिरच्यांच्या धुराचा खाट उठत नाही म्हणतात. आमच्या घरात असा उठला की शेजारची पोरंसुद्धा खोकायला लागली. म्हणजे नजर लागली नव्हती. तरी त्यांनी पुन्हा मूठभर मिरच्या घेतल्या.

मी खोकत खोकत म्हटलं, ‘आत्याबाई, झालं की आता.’

‘गप बस,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं मोठं बोलून बसले मी. एकदा काढून पुरंल का?’

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मिरचीचं निमित्त होतं, म्हणून मी पोटभर रडून घेतलं.