अण्णांची पेटी आणि काळी चार

गेल्या मंगळवारी बीडच्या स्टँडवर माझ्या वडिलांची पेटी हरवली. पेटी म्हणजे हार्मोनियम.

आधी थोडं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, धारूरला असतात, माझ्या भावाकडे. जन्मभर भीमगीतं गायली, गावात जयंतीला पेटी वाजवणार ते अण्णाच. मागच्या थंडीत त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले हळूहळू सुधारेल, पण माणूसच गप्प झाला हो. काही विचारलं की नुसतं 'हं', आणि तोंड भिंतीकडे.

मग सामान वाटायला लागले. घड्याळ पुतण्याला दिलं, सत्काराच्या शाली गल्लीत देऊन टाकल्या. शेवटी भावाला पेटीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, 'ताईला.' मला काय येतं वाजवायला? कप्पाळ! लहानपणी नुसता हात लावला तरी ओरडायचे...

आपलं माणूस असं एकेक देऊन टाकायला लागलं की नको ते मनात येतं. मी मूळचीच घाबरट, त्यात हे. पेटी नको म्हणावं तरी पंचाईत, घ्यावी तरी पंचाईत.

मंगळवारी सकाळी भावाचा फोन. "ताई, पेटी गाडीत टाकली हाय. कंडक्टरला सांगितलंय, स्टँडवर उतरवून घे."

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि ऐन लग्नसराई. त्या दिवशी नेमकी एक नवरी फिटिंगवरून अडून बसली. बाहीला इकडे घे, तिकडे सोड... मी धापा टाकत स्टँडवर पोचले तोवर गाडी पुढे संभाजीनगरला निघून गेलेली.

भावाने कंडक्टरला फोन लावला. तो म्हणाला, पेटी तर उतरवली, एक जण घेऊन पण गेला. कोण? ते त्याला काय माहीत! त्याने दारात उभं राहून "पेटी कुणाची?" म्हणून हाक मारली होती आणि कुणीतरी "आमची" म्हटलं होतं.

झालं. पार्सलच्या खिडकीवर विचारलं, चहावाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. कुणीच काही बघितलेलं नाही.

आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. अण्णा! लकवा झाल्यापासून अण्णांनी स्वतःहून कुणाला फोन केला नव्हता... मी कट केला. परत आला, परत कट केला. मी काय सांगणार होते? तुमची जन्माची पेटी मी एका बाहीपायी घालवली म्हणून? हे ऐकून पुन्हा काही झालं तर? माझं डोकंच चालेना.

स्टँडच्या बाहेर फळांचे गाडे लागतात. तिथे सलीमचाचा म्हणून एक आंबेवाले आहेत, माझ्या दुकानाकडे येता-जाता तोंडओळख. माझा अवतार बघून त्यांनीच हाक मारली. मी रडत रडत सगळं सांगितलं. चाचांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! ती तुमची व्हय? कंडक्टर पेटी पेटी वरडला, मला वाटलं माझ्या आंब्याची पेटी आली. पोतं गुंडाळलेलं, कसं कळावं? उचलली तर आतून भूंऽऽ झालं... म्हणलं, आंबे काहून बोंबलायलेत?"

आंब्यांच्या खोक्यांमागे होती. आमचीच. मी तिथेच फुटपाथवर फतकल मारून बसले आणि पेटीला मिठी मारून रडले. लोक बघत होते, बघू देत.

मग धीर करून अण्णांना फोन लावला. पलीकडून जड जिभेने, एकेक शब्द... "पोचली?" मी म्हटलं पोचली. मग म्हणाले, "वाजव."

आता आली का पंचाईत! चाचांनी मोबाईल स्पीकरवर टाकून धरला. मी पोतं सोडलं, डाव्या हाताने भाता ओढायला लागले. अण्णा म्हणाले, "काळी... चार."

काळी चार. मी चार काळ्या पट्ट्या मोजल्या आणि सगळ्या एकदम दाबल्या!

असा काही आवाज निघाला की गाड्याजवळचं कुत्रं उठून पळालं. मग फोनवर काहीतरी घरघरल्यासारखं ऐकू यायला लागलं. अण्णांना काय होतंय? मी ओरडले, "अरे, अण्णांना बघ की रे!"

भाऊ फोनवर आला. "ताई... अण्णा हसायलेत."

मग अण्णांनी फोन घेतला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक सबंध वाक्य बोलले. "गाढवे, काळी चार म्हंजे चौथी काळी! चार न्हाई! उद्या फोन कर, शिकवतो."

तर आता माझं पेटी शिकणं चालू आहे. दुकान बंद करायच्या आधी फोन लावते, अण्णा तिकडून सूर लावतात, मी इकडे चुकते, अण्णा खवळतात. त्यांची जीभ अडखळते, माझी बोटं अडखळतात. उजव्या हातात अजून जोर नाही. फोन उचलायला जरा उशीर झाला तरी मला धस्स होतंच... पण उचलला की पहिला शब्द "गाढवे" असतो आणि मला जेवण गोड लागतं.

गिऱ्हाइकं हसतात, या वयात हे काय खूळ म्हणतात. कुणाला गाण्याचं वेड असतं, कुणाला स्टेजची हौस... माझं तसलं काही नाही. मला रोज अण्णांचा ओरडा खायचाय.

खरं सांगू? पेटी मला लवकर येऊच नये.