सहाव्या सिलिंडरच्या रिंगा

माझा थोरला भाऊ डोळ्यांपेक्षा नखाने जास्त बघायचा. डाव्या अंगठ्याचं नख त्याने कायम राखलेलं असे. वहिनी त्यावरून त्याला टोचून बोलायची, पण ते कापायची परवानगी तिलाही नव्हती. पिस्टनला चरा पडलाय का, रिंगेची कड बोथट झालीय का, हे तो नख फिरवून सांगे आणि ते खरं निघे. मी चष्मा लावून तासभर बघत बसे आणि चुके. याचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. मला कशाचाही राग येतो.

चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं उघडत आलो. दादाने बांधलेलं इंजिन कधी परत आलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं, चष्म्याने किंवा ऑपरेशनने न सुधारणारं. वहिनीने शेड सोडा म्हणून टुमणं लावलं. शेवटी दादा तिला म्हणाला, "माझ्या हातच्या चुकीने एक इंजिन परत येऊ दे. त्या दिवशी एप्रन खुंटीला लावीन, परत काढणार नाही." तसं कधी होणार नाही असं आम्हा तिघांनाही वाटत होतं, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी परत आली.

या डॉक्टरांना हॉट रॉडचं वेड. जुन्यापुराण्या गाडीचं छप्पर कापून खाली आणलेलं, बॉनेट काढून टाकलेलं आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन आरशासारखं चकचकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघत राहावं असं. इंजिन आम्हीच बांधून दिलं होतं. तीन आठवड्यांत त्याच्या मागच्या सीलमधून तेल ठिबकायला लागलं, धूर निळा झाला आणि तेल मोजायची पट्टी आपोआप नळीतून वर उडायला लागली.

दादाने ती पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरचं तेल नखाने निपटून बघितलं.

"झालंय काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच," दादा म्हणाला. "त्याला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की तो तेलाला ढकलत जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडतो."

"म्हणजे पोट फुगलंय."

"फुगलंय. आता वाट बंद आहे की गॅसच जास्त येतोय, ते बघायचं. वाट बंद असली तर सोपं आहे. गॅस जास्त येत असला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा धरत नाहीत."

रिंगा बसवणं म्हणजे दादाचा हात. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, आम्हाला होतं.

वाट बंद निघाली. डॉक्टरांनी शोभेसाठी वरची दोन्ही झाकणं बदलून नवी चमकदार बसवली होती, आणि त्यांना श्वास घ्यायला भोकच नव्हतं. दादा इतका हसला की डॉक्टर ओशाळले. "तुम्ही पेशंटचं नाक बांधून ठेवता का हो?" त्याने झाकणाला भोक पाडलं, जाळीची टोपी बसवली, गॅस परत ओढून घेणारी नळी आणि तिचा व्हॉल्व्ह नवा घातला. माझाही जीव भांड्यात पडला. त्याच्यापेक्षा जास्त माझा.

खात्रीसाठी दादाने डॉक्टरांकडून त्यांचा रबरी हातमोजा मागून घेतला. तेल भरायच्या तोंडावर तो ताणून बांधला आणि इंजिन सुरू केलं. सगळं ठीक असेल तर मोजा लोळत पडतो, आत ओढला जातो. आमच्या डोळ्यांदेखत त्याचं एकेक बोट भरत गेलं आणि पाचही बोटं ताठ करून तो उभा राहिला.

दादाला तो नीट दिसला नसावा. त्याने हात पुढे करून चाचपला आणि इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी एकेक पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली. दादा तेलाच्या तोंडाशी कान लावून बसला. पाच सिलिंडरांनी हवा धरली. सहाव्याला खालून फुस्स आवाज आला. सातवा आणि आठवा ठीक. त्याने सहावा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच.

त्या सहाव्याच्या रिंगा मी बसवल्या होत्या.

हे इंजिन बांधत होतो तेव्हा एका दुपारी वहिनी दादाला डोळे तपासायला घेऊन गेली होती. रविवारी गाड्यांचं प्रदर्शन, डॉक्टरांचा दर तासाला फोन. नवी रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधली फट बघायची, कमी असली तर कानशीने एक हात घासायचं, पुन्हा बघायचं. दादाची पद्धत ठरलेली: घासायचं ते एकच टोक, दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी चिडलो आणि दोन्ही टोकं घासून मोकळा झालो. फट नको तेवढी मोठी झाली. नवा संच यायला आठवडा लागला असता. मी त्याच रिंगा पिस्टनवर चढवल्या. दादाने आल्यावर विचारलं, "सहावा झाला? फट बघितलीस?" मी म्हणालो, "बघितली."

आता पिस्टन बाहेर आला. दादाने रिंग काढून तिच्या एका टोकावरून नख फिरवलं. मग दुसऱ्या टोकावरून. मग पुन्हा पहिल्यावरून.

संध्याकाळी डॉक्टर आले. "चूक माझी," दादा त्यांना म्हणाला. "डोळ्यांनी दगा दिला. यापुढे इंजिन माझा भाऊ बघेल. त्याचा हात चांगला आहे." दातांच्या डॉक्टरांसमोर माझीच दातखीळ बसली. दादाने एप्रन काढला, घडी घातली, चाचपून खुंटी शोधली.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणालो, "दादा, ती रिंग..."

"दोन्ही टोकं घासलेली आहेत," तो म्हणाला. "मला कळलं."

"मग खोटं का बोललास?"

"मी असाही फार तर आणखी वर्षभर टिकलो असतो. तुला अजून पंधरा वर्षं काढायची आहेत. डॉक्टरांनी चारचौघांत चुकीसाठी तुझं नाव घेतलं तर या शेडमध्ये कोण येईल?" मग जरा थांबून म्हणाला, "मला राग आलाय. तो जायला वेळ लागेल."

तेवढ्यात वहिनी त्याला न्यायला आली. तिन्हीसांजेला त्याला एकट्याला रस्ता दिसत नाही. खुंटीवरचा एप्रन बघून ती काय ते समजली. दोन वर्षं जे मागत होती ते मिळालं, तरी तिचे डोळे भरून आले.

"भावोजी," ती म्हणाली, "ह्यांना दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. शेजारी उभे होतात तुम्ही. एवढं एक इंजिन बघून घ्यायला नको होतं?"

"वहिनी, त्या रिंगा मीच बसवल्या होत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसून अगदी मायेने म्हणाली, "असं बोलू नका. ह्यांच्यासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेताय, कळतंय मला. तुमच्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं."

मी दादाकडे बघितलं. त्याने तिचा खांदा शोधून धरला आणि म्हणाला, "चल, अंधार पडेल."