आपांची गच्ची

आपांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी त्यांच्या भेंडीचं कौतुक करायचो आणि काहीतरी निमित्त काढून उठायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा हळवा झाला. तसं काही नव्हतं. त्या गोष्टीत पुढे माझा भाग येतो, आणि तिथवर पोचण्याआधी मला उठायचं असायचं. आपा आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. त्यांचा नंबर लागत नाही. माझंही वय आता काही उद्यावर टाकण्याचं राहिलेलं नाही. म्हणून लिहितो.

आपांना पाणी वाया गेलेलं बघवायचं नाही. आमच्या शहरात नळ आठवडा उलटला की येतो, तोही कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. त्यामुळे पाणी जपून वापरायची सवय सगळ्यांनाच आहे. पण आपांचं प्रकरण निराळं होतं. जिन्यातून जाताना कुणाच्या स्वयंपाकघरातून तांदूळ धुतल्याचा आवाज आला की त्या दारातच थांबायच्या. "भाभी, ते चावलचं पाणी फेकू नक्को हां! माझ्या भेंडीला लागतं." पुढे पुढे प्रत्येक दाराबाहेर एक जुना डबा आला आणि त्यात तांदळाचं, डाळीचं, भाज्या धुतलेलं पाणी साठू लागलं. तळमजल्यावरचे जोशी एकदा चेष्टेनं म्हणाले, "आपा, दाढीचं पाणी चालेल का?" आपा डबा उचलता उचलता म्हणाल्या, "चालेल की भाऊ. पण मग भेंडीला मिशा फुटतील, आणि त्या तुमच्यावानी दिसतील."

वयानं त्या माझ्या मुलीएवढ्या. पण सगळी बिल्डिंग त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. वरच्या मजल्यावर आमच्या समोरच्या घरात त्या भाड्यानं राहत. घरमालक पुण्याला. आपांचे यजमान रफिकभाई शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर होते. एका वर्षी कंपनीतलं काम घटलं आणि रफिकभाई निम्मे दिवस घरीच दिसू लागले. त्याच उन्हाळ्यात भाज्या कडाडल्या. आपा एक दिवस माझ्याकडे आल्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

"काका, भाजीवाल्याशी भांडून भांडून माझा घसा बसला. आता मीच भाजी लावते. गच्चीचा एक कोपरा द्याल का?"

"कधी लावलीय का आधी?"

"नाय ना. आमचं माहेर जुन्या शहरातल्या गल्लीत. तिथं अंगणच नव्हतं. कोथिंबीर झाडाला लागते का जमिनीतून निघते, तेसुद्धा मला लगीन झाल्यावर कळलं."

मी हसलो आणि म्हणालो, लावा की. ही परवानगी मी दिली होती, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते कुणी आठवलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

विकत काही आणायचं नाही, हा आपांचा नियम होता. गच्चीवर हळूहळू एक अजब संसार जमला. रंगाचे रिकामे डबे, मोडक्या कूलरचा टब, तळ गेलेली बादली, सिमेंटच्या गोण्या, आणि एक जुनी सूटकेस, जिच्यात त्यांनी मेथी पेरली होती. बी म्हणजे घरातलेच मेथीदाणे आणि चपलेखाली रगडलेले धणे, सडका टोमॅटो, निबर झालेलं कारलं. माझ्या बायकोनं, सुमननं, हौसेनं बियांचं एक पाकीट आणून दिलं तर आपांनी ते घेतलं, पण बदल्यात सुमनच्या दोन ब्लाउजांना हुक लावून दिले. "काकू, फुकटचं बी उगवत नाय," म्हणाल्या.

माती रफिकभाईंनी दौलताबादकडच्या एका मित्राच्या शेतातून स्कूटरवर आणली. अस्सल काळी माती. आपा खूश. पण नुसती काळी माती डब्यात भरल्यावर जे व्हायचं तेच झालं. पाणी घातलं की चिखल, वाळली की दगड. पहिली मेथी त्यातच गुदमरली. मग कुणीतरी सांगितलं, माती हलकी करायला काहीतरी मिसळा. आपांनी कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून उसाची ओली चिपाडं पोतं भरून आणली आणि तशीच मातीत कालवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगमधल्या मुंग्या गच्चीवर. रांगच्या रांग जिन्यातून वर निघालेली, जणू वर लग्न आहे. आपा पायरीवर बसून हसत होत्या. "पहिली बार हाय काका. मुंग्यांना दावत झाली."

टोमॅटोचं झाड काही केल्या वठणीवर येईना. नुसती पानं, नुसती उंची. फळ नाही. आपा त्याच्यापुढे उभ्या राहून बोलायच्या, "खातंय, पितंय, फुगतंय. अगदी माझ्या नंदेच्या पोरावानी. कामाचं म्हणशील तर काय नाय!" भेंडी मात्र लागली. पहिल्या खेपेला मूठभर निघाली असेल. त्यांनी ती कांदा घालून घालून वाढवली आणि एक वाटी आमच्याकडे पाठवली. बरोबर निरोप, "शोधावी लागेल, पण हाय."

त्या गच्चीनं माझ्या बायकोचे पाय परत आणले. सुमनचे गुडघे धरलेले होते आणि जिना चढणं तिनं सोडूनच दिलं होतं. आपांसाठी ती कठडा धरून संध्याकाळी वर जाऊ लागली. दोघी खुर्च्या टाकून बसायच्या, वाळकी पानं खुडायच्या आणि खालच्या लोकांची उणीदुणी काढायच्या. मी कधी वर गेलो तर दोघी एकदम गप्प व्हायच्या, त्यावरून विषय मीच असणार हे कळायचं.

आता माझा भाग.

गच्चीवर कुणीही जादा टाकी बसवायची नाही, अशी नोटीस सोसायटीनं लावलेली होती. खाली सही माझी. आणि मीच जिन्याच्या खोलीमागे, पत्र्याआड, माझ्या घरापुरती एक टाकी बसवून घेतली होती. सुमनला बादल्या उचलवत नव्हत्या, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. कारण खरं होतं. नोटीसही खरी होती.

त्या हिवाळ्यात आमच्या बेडरूमच्या छताला ओल धरली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आपांच्या टबांचा. मी फोटो काढले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, गच्चीवरच्या झाडांच्या पाण्याचा बंदोबस्त व्हायला हवा. दुसऱ्यांच्याही छतांना कुठे ना कुठे डाग होतेच. सगळे एकदम बोलू लागले. ज्यांच्या घरी आपांची मेथी गेली होती, तेसुद्धा.

नंतर आपा भाचीच्या लग्नाला अजिंठ्याला गेल्या. त्या दिवसांत झाडांना कुणी पाणी घालत नव्हतं. सुमन जमेल तसा एखादा तांब्या शिंपडायची, तेवढंच. छताची ओल आटायला लागली. मग नळ आला, मोटारी चालल्या, टाक्या भरल्या, आणि सकाळी पाहतो तर डाग पुन्हा ओला, आधीपेक्षा मोठा. मी वर गेलो. पत्रा बाजूला केला. माझ्या टाकीच्या जोडातून पाणी झिरपत होतं आणि स्लॅबच्या भेगेत शिरत होतं. बरोबर आमच्या बेडरूमवर.

 मग पत्रा होता तसा लावला आणि खाली आलो. सुमननं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही. झाडं बघून आलो."

आपा परतल्या आणि रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. जोशी तावातावानं म्हणाले, "आजच्या आज उतरवा सगळं. उद्या स्लॅब बसला तर कोण भरून देणार?" आपा डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या.  "माझ्यानं कुणाचं नुकसान व्हायला नको. पण काका वरच राहतात. त्यांनी बघितलंय. काका म्हणतील तसं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "एकदम नको. वांगी धरलीयत. महिनाभर मुदत द्या. वांगी निघाली की त्या उतरवतील."

लोक म्हणाले, सेक्रेटरी समतोल माणूस आहे.

त्याहून वाईट गोष्ट पुढची. टाकीचा जोड बदलणं हे प्लंबरचं तासाभराचं काम. पण मी ते करून घेतलं नाही. झाडं वर असतानाच ओल वाळली असती तर लोकांनी विचारलं असतं. म्हणून ती गळती मी महिनाभर तशीच चालू दिली. आपांनी टब, डबे, गोण्या खाली उतरवल्या आणि मगच मी प्लंबरला बोलावलं. छत कोरडं झालं. जोशी म्हणाले, "बघा, कुंड्या काढल्या अन् ओल थांबली." मी मान हलवली.

आपांनी झाडं घरोघर वाटली. जे झाड ज्याला आवडायचं ते त्याला. कूलरच्या टबातली वांग्याची झाडं आमच्या बाल्कनीत आली. सुमन त्या दिवशी जेवली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "अहो, नक्की तिच्याच पाण्यानं होतं ना ते?"

"मग कशानं?" मी विचारलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. हे ती वाचेल, आणि मला तेही हवं आहे.

ग्रुपवरचे फोटो कुणीतरी पुण्याला पाठवले होते. छत खराब करणारे भाडेकरू नकोत, असं घरमालकानं फोनवर सांगितलं. रफिकभाईंनी आमच्या भागात बरीच घरं पाहिली. नाव सांगितलं की खोली आधीच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. हे असंच होणार हे मला मीटिंगच्या दिवशीही कळत होतं. शेवटी ते शेंद्र्याकडे एका चाळीतल्या खोलीत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. सुमनला बँकेत जातो म्हणालो. रिक्षात सगळा वेळ एकच घोकत होतो: आपा, ओल तुमच्या झाडांची नव्हती. माझ्या टाकीची होती. मला ते मीटिंगच्या आधीपासून ठाऊक होतं. मला माफ करा.

आपा दारातच होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "अरे, काका! या, या. अजी सुनते हो, काका आलेत!" रफिकभाईंनी खांद्यावरच्या रुमालानं खुर्ची पुसली. दाराशी तीन-चार डबे होते, त्यांत बुंधे तेवढे उरलेले. "इथं बकऱ्या लई," आपा म्हणाल्या. "मी पेरते, त्या खातात. आता सगळं बकऱ्यांच्या नावानंच पेरते म्हणलं, निदान राग तरी यायचा नाय." काकूंचे गुडघे कसे आहेत, वांग्याला फूल आलं का, भेंडीला अजून जोशींच्या मिशा फुटल्या नाहीत का, सगळं विचारून झालं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारची एक बाई डोकावली. आपांनी तिला हाताला धरून आत आणलं. "ये गं, बघ. हेच आमचे काका. तुला सांगितलं नव्हतं का? सगळी सोसायटी उलटली होती आमच्यावर. एकटे काका आमच्या बाजूनं उठले. महिन्याची मुदत घेऊन दिली. नायतर वांगी तशीच फेकायला लागली असती."

ती बाई माझ्याकडे आदरानं बघू लागली. रफिकभाई म्हणाले, "अशी माणसं आहेत म्हणून चाललंय, काका." मी चहा प्यायलो. तो फार गोड होता, पाहुण्यासाठी केलेला.

निघताना आपा रस्त्यापर्यंत आल्या. रिक्षा थांबली तरी मी चढेना. त्यांच्या ते लक्षात आलं.

"काका, काय बोलायचं होतं का?"

"आपा," मी म्हणालो.

"बोला ना."

रिक्षावाला मागे वळून बघत होता. आपा डोक्यावरचा पदर हातानं धरून उन्हात उभ्या होत्या.

"इथं पाणी येतं का नीट?" मी विचारलं.

"येतं की काका, बोअर हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका फिकर करू आमची."