पडायला शिकवणारे अभिमन सर

अभिमन सरांनी जळगावच्या एसटी स्टँडवर तिघांना एकदम आपटलं, त्यातला एक अजून धड उठलेला नाही, आणि तेव्हापासून सर कुणाशी बोलत नाहीत, असं आमच्या देवपुरात सांगतात. सांगणारे हातवारेही करतात.

आपटले होते फक्त सर. शकीलचाचा पिंजारी त्याच गाडीत होते, त्यांनीच मला सांगितलं. गाडी पुरती थांबायच्या आधी सर उतरायला गेले, पायरीवरून पाय सटकला, खांद्यावरून गोल फिरले, फाडकन हात जमिनीवर मारला आणि उभे राहिले. वर सवयीने गाडीला कमरेतून वाकून नमस्कार केला. ते तिघं त्यांना उचलायला धावले होते.

आणि कुणाशी बोलत नाहीत म्हणता, तर बोलणार कुणाशी?

सर ज्युदो शिकवतात. आमच्या गल्लीच्या टोकाला समाजमंदिराचा हॉल आहे, त्यात चाचांनी गच्च कापूस भरून दिलेल्या गाद्या. पूर्वी तिथे पोरं मावत नव्हती. पण सर आधी पडायला शिकवतात. महिनोन्महिने पडणंच. हनुवटी छातीला, हात बाजूला आपटायचा, मान वाचवायची. कुणी बिचकलं की सरांचं शहरी मराठी सुटतं आणि शिरपूरकडचं गाव बाहेर येतं, "पड ना भो! जमीन काय खाई टाकी का तुले?"

आयांना हे पटेना. बेबाबाई तर हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या.

"सर, मारायचं कधी शिकवाल? पडतो तर आमचा हितू घरी पण. फुकट."

"ताई, ज्याला पडता येत नाही त्याला मी दुसऱ्याला पाडू देत नाही."

"मग बसा गाद्यांना पाडत!"

हितू कराटेला गेला. तिकडे पहिल्याच महिन्यात कौल फोडतानाचा फोटो मिळतो. त्याच्यामागून बाकीचे गेले. शेवटी एकटा नवल उरला, तो पोलिसात लागला आणि गडचिरोलीला गेला.

तरी सर रोज सकाळी सहाला पांढरा पोशाख घालून हॉल उघडतात. खांबाला सायकलची ट्यूब बांधतात. तिची दोन टोकं म्हणजे समोरच्याची कॉलर आणि बाही. आधी खांबाला नमस्कार. मग ओढ, वळ, कंबर लाव, सोड. मध्येच खांबाला सांगतात, "मान आत घे." शेवटी परत नमस्कार.

मी हे सगळं खिडकीतून बघून उचललं होतं. एकदा हॉलच्या पायरीवर नाजमीनला, माझ्या मैत्रिणीला, करून दाखवत होते. सरांची चाल, खाकरणं, "पड ना भो". नाजमीन हसता हसता एकदम थांबली. मागे सर.

"खाकरणं अजून खालून पाहिजे," सर म्हणाले. मग रिकाम्या हॉलकडे बघत, "कर पोरी, नक्कल तरी कर. ज्युदो एकट्याचा नसतो. समोर कुणी नसलं तर मी काय, पांढरा पायजमा घातलेला म्हातारा. मनासंगे बठ्ठं संपी जाई. माझ्याबरोबरच सगळं संपेल."

मी फुशारकी मारली. "तुमचं काहीही मी एकदा बघून करते, सर. पडणंसुद्धा."

"पैज?"

"पैज! हरले तर?"

"उद्या सहाला यायचं."

"आणि जिंकले तर?"

सरांनी हॉलच्या दाराकडे बघितलं. "तर चावी कमिटीला परत. झुंबावाल्या बाई हॉल मागताहेतच."

मी हसले. सर हसले नाहीत.

ते गादीवर गेले आणि पडले. फाडकन आवाज, आणि उठून उभे. मग मी. नमस्कार तसाच, हनुवटी तशीच छातीला. पण पाठ खाली निघाली तसे माझे दोन्ही हात, मला न विचारता, जमीन धरायला मागे गेले. मनगटातून अशी कळ आली की नाजमीनच किंचाळली.

सरांनी मनगट हलवून बघितलं. "मोडलं नाही. सगळ्यांचे हात तिकडेच पळतात. उद्या सहा. केस घट्ट बांधून ये."

"नाजमीनला आणू?"

"ती कुठे हरली?" सर म्हणाले. पण नको काही म्हणाले नाहीत.