पुलाच्या मधात

आमच्या गावाजवळच्या दरीवर निजामाच्या काळातला सिमेंटचा पूल आहे. एकच मोठी कमान. वाकून खाली पाह्यलं तर डोकं गरगरते. बाजूले नवा पूल झाला, तवापासून आदिलाबादची बस तिकडून जाते. जुन्यावर बकऱ्या अन् पायी माणसं.

पलीकडच्या गावात माही धाकटी बहीण दिली होती. लेक सासरी निघाली की भावानं पुलाच्या मधापर्यंत जावं, तिथून सासरच्यांनी न्यावं, ही आमची जुनी रीत. पुढं भाचीच्या लग्नात जावयानं, म्हंजे बहिणीच्या नवऱ्यानं, मामा म्हणून दुसऱ्याच कोणाले उभं केलं. माहं डोकं सटकलं. "पुलाच्या मधापुढं पाय टाकला तर बापाचं नाव लावणार नाही," असं भर मांडवात बोललो. लय शहाणा मी!

तवापासून बहीणच दर भाऊबीजेले ताट घेऊन पुलावर येई. वारा दिवा टिकू देत नसे. ती पदराचा आडोसा करे अन् हासत म्हणे, "दादा, हालू नको ना बाप्पा!" मंग कठड्यापाशी बसून आमी करंज्या खात होतो.

यंदा तिचा फोन आला. "दादा, औंदा तू घरी ये. माह्यानं चालवत नाही."

"काऊन? जावयानं शिकवलं का?" मी म्हटलं. "मधात ये. मी उभा राह्यतो."

ती आली, पण पलीकडच्या टोकालेच दगडावर बसली. हात हालवून मले बोलावू लागली. मीही हात हालवला, तूच ये. मले वाटलं, रुसून राह्यली. दिवस बुडाला तसं जावयानं तिले उठवलं, धरून नेलं. धरून कायले नेते, एवढंही माह्या टाळक्यात आलं नाही.

आठ दिवसांत ती गेली. पोटात गाठ होती. "दादाले सांगू नका, तो घाबरते," असं तिनंच घरात बजावलं होतं.

माहेरचं शेवटचं लुगडं घेऊन मी पूल ओलांडला. तिच्या अंगावर ते घातलं. रडत रडत जावयालेच म्हटलं, "त्या दिवशी तुमी तिले मधात काऊन नाही आणलं?"

"उचलून नेतो म्हटलं होतं मी," जावई म्हणाले. "तर म्हणे, उचलून नेलं तर दादाले समजन. दोन मिनिटं थांबा, तो येतेच."

दिवस बुडेपर्यंत थांबली ती. अन् मी हरामखोर, समोर दिसत होती तरी गेलो नाही.