तांदळावरचे दोन ठिपके

आधीच सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मला कधी पटलं नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या बाईला फायलीत नसलेलं काही दिसतच नाही, असं आमचे हे म्हणतात. खरं आहे ते. म्हणूनच हा प्रकार इतकी वर्षं घराबाहेर कोणाला सांगितला नाही. सांगणार तरी काय... त्याला ना शेंडा ना बुडखा.

आम्ही रायपूरला समता कॉलनीत राहतो. तेव्हा छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. भोपाळहून फायलींचे ट्रक येऊन पडत होते, दुकानांच्या पाट्यांवरचं म.प्र. खोडून छ.ग. होत होतं. ते बघून आई म्हणाली होती, "राज्याचं बी लगन झालं म्हणायचं. नाव बदललं नं."

आईला त्यातलं चांगलं कळत होतं. मिशनच्या अनाथाश्रमात ती रूथ होती. लग्नात माझ्या बाबांनी आपल्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमती' लिहिलं आणि ती सुमती झाली. तिचे वडील जर्मन होते. मिशनच्या दवाखान्यातले पंप आणि मशिनी दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना जर्मन मिस्त्रीच म्हणत. आजी तिथलीच मराठी नर्स, बाळंतपणात गेली. मग लढाई सुरू झाली, इंग्रज सरकारनं जर्मन माणसं उचलून छावणीत नेली, आणि एवढीशी आई मागे राहिली. वडील परत आले नाहीत. जगले की मेले, तेही कळलं नाही.

"नाव तरी काय होतं त्यांचं?" मी विचारायचे.

"बाबाच म्हणत होती नं मी. लेकरू बापाले त्याचं नाव काहून विचारन?"

दरवर्षी अकतीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात. एकेकाचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. सासरच्या पितरांची नावं आई घडाघडा म्हणायची. शेवटी आपल्या वडिलांच्या पाण्याशी आली की गप्प बसायची. नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही, ही तिची समजूत. मिशनमध्ये वाढलेली बाई, पण ही एक गोष्ट तिनं सासरच्यांपेक्षाही घट्ट धरली होती.

त्या वर्षी थंडीत तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा जाण्याआधी जे शेवटचं धड बोलली ते हे — "मंदे, माह्या बापाचं नाव आणून दे वं. मंग मी सुखानं जाईन."

मी शोधायला लागले. ऑफिस सुटलं की पोरीला घेऊन शंकर नगरच्या सायबर कॅफेत बसायचे. जर्मन घराण्यांच्या वेबसाइट, जहाजांचे प्रवासी, चर्चमधले बाप्तिस्मे... नुसता ढीग होता. पण कुठेही जा, पहिला रकाना आडनावाचा.

"मम्मी, सरनेम तो डालना ही पड़ेगा," पोरगी म्हणायची. "नहीं तो सर्च ही नहीं होगा."

तिकडच्या एका संग्रहालयाला ई-मेल केला. फार सभ्य उत्तर आलं. आडनाव, जन्मगाव आणि जन्मवर्ष कळवा, आनंदानं मदत करू. जुन्या मिशनलाही जाऊन आले. दवाखान्याच्या जागी गवत होतं आणि जुनी रजिस्टरं वाळवीनं कधीच संपवली होती. नाव शोधायला आधी नावच लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मी घरात शिरले की आईचे डोळे दाराशीच असायचे. मी मान हलवायचे. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि अकती आली. सकाळी खिरीसाठी तांदूळ निवडले, स्टीलच्या ताटात पसरले आणि वर पंचा झाकला. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ आमच्याकडे काहीच उघडं ठेवू देत नाही. हे घागर आणायला गेले होते, पोरगी कॉलेजात होती. घरात मी, आई आणि आईला सांभाळणारी बिसाहिन. आंघोळ करून आले आणि पंचा उचलला...

तांदळावर नाव लिहिलेलं होतं.

बोटानं लिहावं तसं, मोठ्या अक्षरांत. अक्षरं इंग्रजीसारखी, पण वळण अनोळखी. रेघांमधून खालचं स्टील चमकत होतं. एका अक्षराच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन ठिपके होते, बोटाचं टोक टेकवल्यासारखे.

बिसाहिनला हाक मारली. तिला अक्षरओळख नाही. "मैं तो दाई के गोड़ दबावत रहेंव, दीदी," आईच्या पायांकडे हात करून ती म्हणाली. मग तिनं ताटात डोकावलं आणि मागे सरकली. "ये कोन लिखिस?"

मी ते तिथेच वाचायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं की हे आईचं आहे, आधी तिनं बघावं. अक्षरं मोडू नयेत म्हणून ताट दोन्ही हातांनी धरलं आणि नजर उंबरठ्यावर ठेवून चालत गेले. तिला उशीला टेकवून बसवलं होतं. ताट तिच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून ठेवलं.

"आई, पाह्य नं. काय लिहून आहे पाह्य."

ती बघत राहिली. डोळे अक्षरांवरून फिरले... निदान मला तसं वाटलं. मग तिनं डावा हात उचलला आणि तळवा ताटावरून फिरवला. आम्ही लहानपणी तांदळात बोटं घालून खेळायचो तेव्हा असाच फिरवायची — "अन्नावर रेघा नाही ओढा लागत पोट्टेहो" म्हणत. तांदूळ सारखे झाले.

"आई, काय होतं? नाव काय होतं?" मी विचारत राहिले. तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. ती गळून पडली. स्वयंपाकघरात मी ते नीट वाचलंच नव्हतं, तिच्यापुढे ठेवल्यावर माझ्या बाजूनं सगळं उलटं दिसलं होतं, आणि लक्षात राहिले ते फक्त दोन ठिपके.

त्याच तांदळाची खीर केली. टाकवले नाहीत मला.

त्यानंतर आईनं दाराकडे बघणं सोडलं. मी ऑफिसातून आले तरी ती भिंतीकडे तोंड करून असायची. पावसाळ्याआधीच ती गेली.

हे म्हणतात, तुझ्याच डोक्यात तेव्हा नावाशिवाय काही नव्हतं. असेल. पण बिसाहिननंही ते पाहिलं होतं. आणि जर्मनमध्ये काही अक्षरांवर दोन ठिपके देतात, हे पोरीनं मला नंतर सांगितलं. मी असलं अक्षर तोवर पाहिलंच नव्हतं. पुन्हा सायबर कॅफेत जाऊन ठिपकेवाली आडनावं काढली. पानंच्या पानं निघाली. थोडा वेळ बघत बसले आणि उठून घरी आले. परत गेले नाही.

आता अकतीचं पाणी मी सोडते. 'सुमती' असं नाव घेऊन आईचं पाणी सोडते. आजोबांच्या वेळी मीही तिच्यासारखीच गप्प बसते.

ते कोणी लिहिलं, हे मला आजही माहीत नाही, आणि नाही कळलं तरी चालेल. पण आईनं ते वाचून पुसलं, की नुसत्या सवयीनं हात फिरवला... एवढं तरी कळायला हवं होतं.